विधीचं लाल-पांढरं

नाही नाही, हात लावू नकोस कशालाही. स्टुलावर बस म्हटलं ना, मग बस. चार वाजता यायचं ठरलंय, पावणेतीनला दारात येऊन उभी राहिलीस, त्यात माझा काय दोष? विधी चित्रकलेच्या क्लासला गेलीय, तिचे दादाजी आणतील चारला. हॉलमध्येच बसवलं असतं, पण समोरच्या गॅलरीत ती हेमलता टपूनच असते – आली गं, राजकुंवरबाईंची सून आली – संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीत करेल. म्हणून आत घेतलंय. दुसरं काही समजू नकोस. पाणी? माठ जिथं होता तिथंच आहे. आणि काकू काय म्हणतेस गं मला? चार वर्षांपूर्वी मम्मीजी मम्मीजी म्हणताना तोंड थकत नव्हतं तुझं. आता काकू. म्हण. ज्याची त्याची जीभ.

काय करतेय ते दिसत नाही? लेकीचा तुझ्या वाढदिवस आहे, नऊ पूर्ण झाली. केक आणते म्हटलं – नको. आमरस करते म्हटलं – नको. अगं, मे महिन्यात, धुळ्यात, आमरस सोडून स्ट्रॉबेरी कोण खातं? पण नाही, बाईसाहेबांना लाल-पांढरंच हवंय. मम्मी करायची तसं. भट्टीत न घालता, थर लावून, गार करून. नशीब, फेब्रुवारीत तो आमश्या सातपुड्यातून टोपली घेऊन आला होता दारावर, त्याच्याकडच्या स्ट्रॉबेरी फ्रीजरमध्ये टाकून ठेवल्या होत्या. हे बघ – खाली बिस्किटांचा चुरा, लोणी घालून वाटीच्या बुडानं दाबलेला. त्यावर चक्का आणि साय. मग स्ट्रॉबेरी. मग वरून ती लाल जेली. काय अवघड आहे त्यात? काही नाही. परवा केलं तर सगळं एकात एक उतरलं. गुलाबी पिठलं झालं नुसतं. बाहेर चव्वेचाळीस डिग्री, दुपारी दोन तास लाइट नाही, थर काय राहणार कपाळ! पोरीनं दोन चमचे खाल्ले, भांडं सरकवलं आणि मला म्हणते – दादीजी, मम्मीचे थर वेगळे राहायचे.

हसतेस? हसली नाहीस? बरं.

चक्का किती वेळ टांगायचीस तू? विचारत नाहीये, आपलं बोलतेय. काय – रात्रभर? फ्रीजमध्येच टांगलेला? हां. म्हणजे आम्हाला शिळं खाऊ घालायचीस तर. मी सकाळी लावलं दही, दोन तास टांगलं, पुष्कळ झालं म्हटलं. आणि स्ट्रॉबेरी पुसून घ्यायची? कापडावर पसरून, पाणी जाईपर्यंत? हे मला आता सांगतेस! कापून पार झाल्या सगळ्या. नको, उठू नकोस, तिसऱ्या खणात फडकी आहेत ते मला माहीत आहे, घर माझं आहे. मी घेईन.

तुला वाटत असेल, बाईनं पहिल्या दिवसापासून दात धरला. धरला होता, का नाही धरायचा? धरणगावच्या मास्तराची मुलगी, कॉलेजात ओळख झाली, आमच्या श्रेयांसनं घरी येऊन नुसतं सांगितलं – विचारलं नाही हं, सांगितलं. लग्नात तुझी आई, भागाबाई, माझे हात धरून काय म्हणाली – ‘बठ्ठं बरं शे ना, ताई?’ – सगळं ठीक ना, एवढंच विचारत होती ती, पण तिची अहिराणी ऐकून आमच्या जोधपूरच्या बायका पदरात तोंड घालून हसल्या. मी पण हसले. नंतर वाईट वाटलं, ते जाऊ दे. पण मी तुला पाट दिला, ताट दिलं. कांदा-लसूण सोडलास, सूर्यास्ताआधी जेवायला लागलीस, आम्हा जैनांच्या सामायिकाला, पाठाला बसलीस. मी कधी म्हटलं का, तू केलं नाहीस? केलंस. सगळं केलंस. तेच तर – सगळं असं करायचीस की माझ्या हाताला घरात काम उरेना. हे थरांचं तुझं आल्यावर माझ्या मालपुव्याला कोणी विचारेना. सुभाषचंदजी – एवढ्या वर्षांत माझ्या हातचं खाऊन एकदा छान म्हटलं नाही त्या माणसानं – तुझ्या त्या काचेच्या भांड्यासमोर वाटी घेऊन उभे! लहान पोरासारखे!

आणि मग तो दिवस. तू विसरली नसशील, मीही नाही विसरले. तेरा महिने वर्षीतप केलं मी – एक दिवस उपास, एक दिवस जेवण, एक दिवस उपास, एक दिवस जेवण. अक्षय्य तृतीया – तुमच्याकडे आखाजी, आमचं पारणं. सकाळी उसाचा रस घेतला, बँडबाजा झाला, दीडशे माणूस जेवायला. आणि गोडात तू हे केलंस. चार पराती भरून. सगळे बोटं चाटत होते, आणि माझ्या नणंदेनं मोबाइल पुढं केला – भाभी, हे वाचा, जेलीत जनावराच्या हाडांची पूड असते. वर्षीतपाच्या पारण्याला हाडं! मी ओरडले. हो, ओरडलेच. कोणी मोरीकडे पळालं, कोणी हातातलं ताट तसंच ठेवलं. तू आपली एकच धरून बसलीस – मम्मीजी, तसलं नाहीये हो, शाकाहारी आहे, पाकीट शोधा, पाकिटावर लिहिलेलं आहे. शोधलं ना सगळ्यांनी! कचऱ्याचे डबे उपडे केले, ओट्यावरचं सामान हलवलं, आचाऱ्याच्या माणसांच्या पिशव्या तपासल्या. नाही सापडलं. पाकीट नाही तर मी तरी काय करणार? श्रेयांसनं दीडशे माणसांसमोर मान खाली घातली आणि तुला म्हणाला, काही दिवस धरणगावला जा. आखाजीला लेकी माहेरी जातातच, मी म्हटलं, त्यात काय. गेलीस ती गेलीस. नंतर पोर त्यानं इथंच ठेवून घेतली, वकील आले, तारखा आल्या – त्यात मी कुठं होते?

आता ही जेली तेवढी ओतते वरून. गरम ओतायची नाही, कोमट झाल्यावर, माहीत आहे मला. आणि घाबरू नकोस, या वेळी पारखून आणलंय. पोरीला दुसरी चव चालत नाही, म्हणून तेच शोधत शिरपूर नाक्यापर्यंत गेले – तू आणलं होतंस तेच, निळं पाकीट, कोपऱ्यात एवढुस्सा हिरवा ठिपका, खाली बारीक अक्षरात समुद्रातल्या शेवाळापासून असं –

काय?

अशी काय बघतेस?

तेच म्हणजे – तसलंच. दुकानदारानं सांगितलं. आता मला काय माहीत तू कुठलं आणलं होतंस, अंदाजानं म्हटलं. अंदाज नसतो का माणसाला? निळं – निळंच असतं ते सगळ्यांचं. डोळे नको वटारूस माझ्यावर, माझ्या घरात उभी आहेस तू.

हो. हिरवा होता.

मी ओरडले तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं, विधीची शपथ. नंतर ओट्याखाली सिलिंडरमागं पडलेलं दिसलं, सगळे बाहेर शोधत होते तेव्हा. उचललं. वाचलं. तुझा आवाज येत होता बाहेरून, रडत होतीस. दोन पावलं टाकली असती दारापर्यंत, तर संपलं होतं सगळं. आणि मी ते घडी घालून कमरेला खोचलं. का? का म्हणून विचारतेस? जळगावच्या कॉलेजात नोकरी तुला लागली होती ना – त्याच आठवड्यात श्रेयांसनं वर खोकी आणून ठेवली होती, सामान बांधायला. मला कोणी सांगितलं? मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले तर खोकी. एकुलता एक मुलगा, आणि मला खोक्यांवरून कळावं! नातीला घेऊन जाणार, आणि या एवढ्या घरात आम्ही दोघं, एकमेकांशी चार शब्द न बोलणारी. मला वाटलं महिनाभर रुसेल, येईल परत, तोवर खोकी खाली उतरतील. मला काय माहीत तू एवढी ताठ निघशील. आणि तो राहिला ना इथं – राहिला कसला! समोर बसून जेवतो आणि मीठ मागायलासुद्धा बोलत नाही.

कुणाला लावतेस? शीतल. शीतल, ठेव तो फोन. गोदामात आहे तो, कामात आहे. जूनमध्ये तारीख आहे ना तुमची, तेव्हा बघू. माझ्या तोंडासमोर नको धरूस, हात भरलेत माझे – अगं –

हॅलो. हां, मी. नाही, विधी ठीक आहे, दादाजीपण ठीक. शीतलचाच फोन आहे, हो. आलीय ती. भांडत नाही, नाही, मी भांडत नाहीये. ऐक. पारण्याच्या दिवशी ते पाकीट... माझ्याकडे होतं. कमरेला. हो, शोधत होते तेव्हा. हिरवा ठिपका होता त्याच्यावर. संध्याकाळी गॅसवर जाळलं मी. तिची काही चूक नव्हती. श्रेयांस? ओरड हवं तर.

ठेवला त्यानं.

काढ तो फोन समोरून. येतो म्हणाला का? तू ऐकलंस ना, मग मला काय विचारतेस? मिळालं तुला पाहिजे ते. आता माझ्याजवळ उभी राहू नकोस. खांद्यावर हात नको ठेवूस, सांगितलं ना एकदा. जा. बाहेर जा, आणि दार ओढून घे.