राखाडी फौजेचं यान

दादा : फुटलं म्हणजे फुटलं. यान म्हटल्यावर कधीतरी फुटणारच.

धाकटी : पहिल्याच वाक्याला? काल खेळायला आलेले लोक खुर्च्या ओढून नीट बसलेसुद्धा नव्हते रे! फासे अजून डब्यात होते. आणि तू म्हणतोस, 'राखाडी फौजेचं यान फुटलं, सगळे शिपाई ठार, चला पुढच्या ग्रहावर.'

दादा : त्या कोटाला अस्तर लावून झालं का ते आधी सांग. शिंप्याचं दुकान उघडलंय आपण, दरबार नाही भरवलेला.

धाकटी : अस्तर कधीच लागलंय. तू विषय बदलू नकोस. तीन आठवडे तापाने अंथरुणाला खिळला होतास तेव्हा तूच म्हणालास ना, 'बारके, माझ्या खुर्चीवर बस आणि लढाई तेवढी रेटून ने'?

दादा : रेटून ने म्हणालो. माझी फौजच बदलून टाक असं नव्हतो म्हणालो. चार वर्षं दर रविवारी मी हा खेळ चालवतोय. सूत्रधार मी. ग्रह माझे, नकाशे माझे, शत्रू माझा. आणि तू येऊन बसलीस, आयत्या बिळावर नागोबा.

धाकटी : नागोबा तर नागोबा. पण तुझा शत्रू म्हणजे काय होता, सांग बघू. सदऱ्याची पांढरी बटणं! टेबलावर ओळीने मांडायची. सगळी एकदम पुढे येणार, सगळी एकदम गोळ्या झाडणार आणि सगळी एकदम मरणार.

दादा : शिपाई तेच करतात.

धाकटी : सगळ्या गिऱ्हाइकांना एकाच मापाची विजार शिवतोस का तू?

दादा : गिऱ्हाइकाची गोष्ट वेगळी. ते आरशासमोर उभं राहून भांडतं.

धाकटी : मग माझेही शिपाई भांडत होते. म्हणून तर मजा आली.

दादा : मजा! बटणांचा अख्खा डबा उलटा केलास. ओव्हरकोटाचं बटण काय, हूक काय, झबल्याचं मोत्याचं बटण काय! परग्रहावरची फौज आहे ती, शिलाईचा वर्ग नाही.

धाकटी : ओव्हरकोटाचं बटण म्हणजे चिलखतवाला. त्याला गोळी लागत नाही, पण चालतो गोगलगायीसारखा. त्याच्यापासून लांब पळावं, तर जिन्यावर नेमबाज बसलाय, जो हलेल त्याला टिपणारा. थांबलात तर चिलखतवाला गाठतो, हललात तर नेमबाज. आणि हूक म्हणजे त्यांचा वैद्य. पडलेल्याला ओढून नेतो आणि पुन्हा उभा करतो. आता आधी कोणाला मारायचं? त्यावरून डॉक्टर आणि घड्याळवाले काका हमरीतुमरीवर आले. तुझ्या लढाईत कधी आले होते?

दादा : माझ्या लढाईत शिस्त असते.

धाकटी : तुझ्या लढाईत काका डुलक्या काढतात.

दादा : वय झालंय त्यांचं.

धाकटी : माझ्या रविवारी ते उतरलं होतं वाटतं.

दादा : नव्याची नवलाई असते, बारके. डब्यातली बटणं संपली की तुझी अक्कलही संपली असती. आणि तो घाबरट, तो मोत्याच्या बटणाचा! बंदूक टाकून देतो काय, 'बंदूक घ्या पण बूट तेवढे राहू द्या, बर्फात चालायचंय' म्हणतो काय! शत्रूचा शिपाई असं बोलतो का कुठे? त्याची भीती कोणाला वाटणार?

धाकटी : थांब. बुटांचं तुला कोणी सांगितलं?

दादा : सांगितलं कोणीतरी.

(वहिनी चहाचे पेले घेऊन दुकानाच्या मागच्या दारातून आत येते.)

वहिनी : कोणी नाही सांगितलं. मी औषध द्यायला उठले, तर पलंग रिकामा. हे अंगावर चादर घेऊन दाराआड उभे. अंग तव्यासारखं तापलेलं आणि कान टेबलाकडे.

दादा : पाणी प्यायला उठलो होतो.

वहिनी : तिन्ही रविवारी? अहो, घ्या चहा. आणि ऐका. डॉक्टरांचा निरोप आलाय, पुढच्या रविवारी जमायचं नाही. काकांचाही आलाय. दोघांनाही एकदम काम निघालंय.

दादा : काम असेल.

वहिनी : कसलं काम? रागावलेत ते. तुम्हाला तोंडावर बोलत नाहीत एवढंच. खेळ मोडला तुम्ही.

दादा : एका यानापायी चार वर्षांचा खेळ मोडत नाही.

वहिनी : यान गेलं खड्ड्यात. त्या घाबरटाला मी सोडला होता, ते दाराआडून ऐकलंत ना? मी कप्तान. तो पाठ करून पळत होता. तळावर पोचला तर आम्ही कुठे लपलोय ते सांगणार, म्हणजे आम्ही सगळे मेलो. आणि पाठीत गोळी घालायची, तर ते जन्मभर मनाला लागून राहणार. सगळ्यांत धोक्याचा तोच निघाला. फासे हातात धरून बसले होते मी. टाकवेनात.

दादा : ठाऊक आहे मला.

वहिनी : मग?

दादा : मग काय मग! माझ्या खेळात तुझा हात कधी थांबला? मी इतकी वर्षं ग्रहांवर ग्रह उभे केले, रात्र रात्र जागून नकाशे काढले. तुम्ही यायचात, फासे टाकायचात, माझे शिपाई मारायचात आणि कोटाच्या कापडाच्या गप्पा मारत उठायचात. आणि ही येते, झबल्याचं एक बटण टेबलावर ठेवते, आणि तुम्ही सगळे चिडीचूप! हसणं ऐकलं असतं मी. ती शांतता नाही ऐकवली. हो, जळलो. पोटात दुखलं माझ्या. झालं समाधान?

धाकटी : नाही झालं. मीही जळतच होते. चार वर्षं तू बोलायचास आणि मी तुझ्या खुर्चीकडे बघत बसायचे. तुला ताप आला तेव्हा वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर पुरतं नाही वाटलं. आता ती खुर्ची मला सोडवत नाही.

दादा : बघ! आलं ना पोटातलं ओठावर!

वहिनी : दोघं एका माळेचे मणी. चहा निवतोय.

दादा : बारके.

धाकटी : काय?

दादा : तो घाबरट तळावर पोचल्यावर काय सांगणार होता?

धाकटी : आता काय सांगणार? मेला तो.

वहिनी : तुमच्याच हातून.

दादा : समजा, तो यानात चढलाच नव्हता. घाबरटच तो. ऐन वेळी मागे सरकला, राहिला खाली.

धाकटी : असं मी नाही म्हणणार. यान तू फोडलंस. डॉक्टरांसमोर, काकांसमोर तूच म्हणायचं.

दादा : म्हणेन.

वहिनी : आधी त्यांना बोलवायला लागेल. मी नाही जाणार.

दादा : मी जातो. दुपारी काकांच्या दुकानावरून जातो आणि संध्याकाळी डॉक्टरांकडे. पण पुढचं ही चालवेल असं सांगूनच बोलावतो. नाहीतर यायचे नाहीत ते.

धाकटी : आणि तू? पुन्हा दाराआड?

दादा : बसेन की काकांच्या शेजारी. मला कोणीतरी माणूस दे खेळायला.

धाकटी : कसला देऊ? शूर, चलाख, की तुझ्यासारखा तिरसट?

दादा : कसलाही दे. फक्त सुरुवातीला जरा सांभाळून घे मला. नियम सगळे तोंडपाठ आहेत. खेळलो मी कधीच नाही.