दोन बोटं माया

मुलाखतीच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी एक बहीण-भाऊ बसले होते.

“ताई, अजून एक प्रश्न विचार.”

“पॅडिंग म्हणजे काय?”

“चौकट आणि आतला मजकूर यांच्यात सोडलेली माया.”

“माया काय, शिंपीबुवा! वेबसाइट बनवणारे हसतील तुला.”

“आप्पांचं शिलाईचं दुकान बंद पडल्यावर मोबाइलवर बघून बघून शिकलो. डोक्यात तसंच बसलं. हे काम नाही मिळालं तर पुन्हा कारखान्यात नुसत्या कॉलरी शिवायच्या.”

“मग नीट बोल. आणि पाय हलवू नकोस, इथे मशीन नाहीये.”

“आप्पांचाही हलायचा, जेवतानासुद्धा.”

“आणि गणवेश बेतताना म्हणायचे, माया सोडा रे, पोरं वाढणार आहेत.”

“ते सोडायचे, तू कापून टाकायचीस.”

“एकदाच कापली! हा कोट त्यांचाच ना? तुला कसा झाला?”

“काल बाजूची शिवण उसवली. आत चांगली दोन बोटं माया निघाली.”

“स्वतःच्या कोटात? ते तर कधी अंगाने भरलेच नाहीत.”

“नाही ना.”

खोलीचं दार उघडलं.

“पुढचे कोण? या आत.”

“ताई, जातो.”

“जा. आणि ऐक, पॅडिंगचं विचारलं तर मायाच म्हण.”