नव्या ॲम्पची वाट

कानाच्या दवाखान्यात बाळाला खांद्यावर थोपटत ती आपल्या नंबरची वाट बघत होती. पुढच्या बाकावर दोघे भाऊ बसले होते. थोरला गिटार वाजवणारा, हे तिला त्यांच्या बोलण्यावरूनच कळलं.

“दादा, गिटारच्या त्या नव्या ॲम्पचं काय झालं?”

“पुढच्या महिन्यात येतोय म्हणे. दुकानदार शपथेवर सांगतोय.”

“शपथ त्याने गेल्या वर्षीही घेतली होती.”

“या वेळी नेटवर फोटो फुटलाय! वरचे सूर असे येणार, की बघत राहशील.”

“फोटोत नुसता काळा खोका दिसतोय.”

“तुला काय कळतंय, ढोलक्या! जुना तर गोधडीत तोंड घालून बोलायचा. व्हॉल्व्ह बदलले, स्पीकर बदलला, ढिम्म फरक नाही. विकला तेच बरं केलं.”

“दादा, तो मीच घेतलाय. मित्राला नुसतं पुढे केलं होतं.”

“तू? तो डबा घेतलास?”

“महिनाभर रोज वाजवतोय. वरचे सूर अगदी काचेसारखे स्वच्छ येतात. त्यात काहीच बिघडलं नव्हतं रे.”

“नीट ऐकलंस का?”

“मी ऐकलं, वहिनीनेही ऐकलं. तिनेच मला तुझ्याबरोबर पाठवलंय.”

थोपटणारा तिचा हात थांबला.

“तुमचाच नंबर आहे,” नर्स दारातून त्या भावांना म्हणाली.

“चल दादा.”

“आज नको रे. नवा येईपर्यंत तरी थांबू या.”