पेडगावच्या विमानतळावरील एसटीडीबाबत

नाव राधाकिशन दत्तराव गिराम, वय ४६ वर्षे, धंदा कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज टाईप करणे, राहणार पेडगाव, ता. जि. परभणी.

मी ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की, प्रथम माझी एक तक्रार नोंदवून घ्यावी. जबाब घेणारे हवालदार चंद्रभान यांनी माझ्यादेखत चहा मागवला, तो एकच. तो त्यांनी बशीत ओतून, फुंकर मारून, आवाज करून घेतला. मला विचारले नाही. ठाण्यातली माणसे नामांतराच्या बंदोबस्ताला गेल्यामुळे हॉटेलवाला मोजकाच चहा पाठवतो, असे त्यांचे म्हणणे पडले. बंदोबस्ताचा माझ्या चहाशी संबंध कसा पोचतो, याचा तपास व्हावा. असो.

गेल्या दिवाळीच्या सुमारास तीन पायांची दुर्बीण घेऊन काही सरकारी माणसे आमच्या गायरानात आली होती. त्यांच्या शिपायाने गायरानाशेजारचा शेतकरी आश्रुबा लिंबाजी काकडे याच्याकडे तंबाखू मागितली व बदल्यात इथे विमानतळ होणार अशी बातमी दिली. आश्रुबाने ती मला दिली. मी विचार केला की, विमानातून उतरलेला माणूस पहिल्यांदा काय करील, तर घरी फोन. सबब विमानतळावर एसटीडी टाकावा, शेजारी चहा, पलीकडे माझा टाईपरायटर, आणि पुढेमागे ते फॅक्स नावाचे यंत्र, ज्यात इकडून घातलेला कागद मुंबईत निघतो. गिऱ्हाइकाने बाकावर बसून चहा प्यावा आणि बसल्या जागी साऱ्या जगाला कळवावे, अशी योजना होती.

आश्रुबा म्हणाला, "उतरला की फोन करंल, पोचलो म्हनून. आन चढताना?"

मी म्हणालो, "चढताना निघालो म्हणून."

"मंजी एका मानसाचे दोन."

धंद्याचा अभ्यास याहून जास्त झालेला नाही.

कर्जासाठी बँकेत गेलो. मॅनेजरसाहेबांनी विमानतळ कुठे आहे असे विचारले. मी म्हणालो, व्हायचा आहे. ते म्हणाले, "मग कर्जही व्हायचंच आहे." तरी आश्रुबाच्या शेतात हुरडा खायला यायचे त्यांनी कबूल केले व तेव्हाच जागा पाहतो म्हणाले. आता मोकळे गायरान विमानतळ म्हणून दाखवायचे, तर काहीतरी खूण लागते. मंत्र्यांचे हेलिकॉप्टर उतरते तिथे इंग्रजी एच काढतात, हे मी पेपरातल्या फोटोत पाहिले होते. तसा एच कबड्डीच्या मैदानाला वापरतात त्या फक्कीने गायरानात काढला गेला. आश्रुबाच्या बांधावर पत्र्याची टपरी पिवळी रंगवून उभी केली व तिच्यात पूर्णेच्या भंगारातून आणलेला काळा फोन ठेवला. त्याला वायर नव्हती. फोन शोभेचा होता.

आज रविवारी सकाळी मॅनेजरसाहेब आले. आश्रुबाची बायको गोजरबाई हिने हुरड्याची आगटी पेटवली. गोवऱ्या ओलसर असल्याने धूर फार झाला. त्याच वेळी मंत्रीमहोदयांचे हेलिकॉप्टर वरून परभणीला चालले होते. वैमानिकाला सांगून ठेवले होते म्हणे की, खाली पांढरा एच असेल आणि वारा कळावा म्हणून शेजारी धूर केलेला असेल. त्याला दोन्ही गोष्टी पेडगावलाच सापडल्या. तो उतरला. यात त्याची चूक नाही.

वाऱ्याने हुरडा, चटणी व मॅनेजरसाहेबांची टोपी उडाली. मॅनेजरसाहेब तुरीत शिरले. परिस्थितीचे लांबून निरीक्षण व्हावे म्हणून मीही तुरीत शिरलो. आश्रुबा आणि गोजरबाई जागेवर राहिले.

मंत्रीमहोदयांनी खाली उतरून सवयीने मान पुढे केली. हार परभणीत होता, कलेक्टरही परभणीत होते. गोजरबाईला वाटले, पाहुण्याला भूक लागली. तिने आगटीतले कणीस चोळून हातावर दाणे दिले आणि म्हणाली, "फुकून खावा दादा, लय गरम हाय. चटनी उडाली, गूळ देते."

मंत्रीमहोदयांनी उभ्याने खाल्ले. मग फोन आहे का विचारले. आश्रुबाने टपरी दाखवली. त्यांनी फोन कानाला लावला, खालीवर केला आणि म्हणाले, "याला आवाजच नाही."

"वायर यायलीय सायेब," आश्रुबा म्हणाला. "तुमीच जरा लवकर आलाव."

हेलिकॉप्टर गेले व काही वेळाने फौजदारांची जीप आली. फौजदारांनी विचारले, "हा विमानतळ कोणाचा?"

आश्रुबा म्हणाला, "माजा."

"सोबत कोण होतं?"

"कोन बी न्हाई. म्या एकल्यानंच काढला."

"काय काढलंस ते वाच बघू."

"बाज हाय ती, सायेब. निजायची."

यावरून फौजदारांनी त्याला बनेल ठरवले व मंत्र्यांचे विमान पळवण्याच्या कटाच्या संशयावरून जीपमध्ये घातले. आश्रुबाने तुरीकडे एकदाही पाहिले नाही. हे मी तुरीतून पाहिले व ऐकले. तूर दाट होती. जीप गेल्यावरही मी बराच वेळ तिथेच होतो. मॅनेजरसाहेब माझ्या अगोदर निघाले.

मी बाहेर आलो तेव्हा गोजरबाई उडालेली कणसे गोळा करीत होती. मला पाहून ती म्हणाली, "भाऊजी, तुमी खाल्लं न्हाई काई. बसा." मी बसलो नाही. सायकल काढून इकडे आलो.

हवालदारांनी आत्ता विचारले की, "तुमचं नाव कुणी घेतलं नाही, तुम्हाला कुणी बोलावलं नाही, मग आलाव कशाला?" त्यावर सांगतो की, विमानतळाच्या धंद्यात आमची निम्मी-निम्मी भागी ठरली होती. आश्रुबा दुपारपासून पलीकडच्या खोलीत बसून आहे. त्याच्या वाटणीचे त्याने भागवले. उरलेले निम्मे माझ्याकडे निघते. एच मी काढला, फक्की मी आणली, टपरीची युक्ती माझी. आश्रुबाने दोरीचे टोक धरले, तेही मी धर म्हणालो म्हणून. त्याला एबीसी येत नाही. कट कोणी केलेला नाही, तेवढी आमची ऐपत नाही. त्याला घरी सोडावे.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोललो तसाच उतरला आहे, कोणी धाक घातलेला नाही. सही केली आहे. माझ्या सायकलची किल्ली टेबलावर ठेवली आहे, ती आश्रुबाला द्यावी. या वेळेला पेडगावला एसटी नसते.