व्हिलन काऊन ध्यानात राह्यते

काऊन नाही बोलणार? बोलतो ना! पण हा माईक त खाली करा, सहा फुटाच्या माणसासाठी लावला वाटते.

तर, आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आदरणीय वामनराव पाटील, मंचावर बसलेले हेडमास्तर शालिग्राम सर, आमच्या सत्कारमूर्ती प्रतिमा मॅडम, धामणगाव बढ्यातली समदी जाणती मंडळी, अन् भज्याच्या वासावर आलेल्या माह्या मैत्रिणींनो, साऱ्यायले गोजरबाईचा रामराम. मॅडमची ओटी कलाबाई भरणार हाये. मालक गेल्यापासून मले कोणी ओटी भरू देत नाही, म्हणून माह्या हाती माईक देला. आता भोगा!

सर म्हणे, "मॅडमबद्दल दोन शब्द बोला, पण सिनेमाचं नको." चार वर्सं मॅडम माह्या घरी भाड्यानं राह्यल्या. त्यायच्या लॅपटॉपवर आम्ही एकाच सिनेमाचे सहा भाग पाह्यले. मंग दुसरं काय बोलू? मले शाळा चौथीपर्यंतच माहीत.

सहा भागायत हिरो तीनदा बदलला, एकाचंही नाव मले सांगता येत नाही. व्हिलन मात्र तोच. काऊन ध्यानात राह्यला? वरडते म्हणून? वरडते त आमचा शेजारी दयारामही, त्याची बकरी तरी भेते का त्याले? हसू नका दयारामभाऊ, तुमचीच गोष्ट हाये. पक्का व्हिलन हळू बोलते. त्याले आपलं म्हणणं सोळा आणे खरं वाटते. अन् मेन म्हणजे, त्याच्या हातचं काहीतरी सुटून राह्यलं असते, अन् त्याले ते सुटू द्याचं नसते.

तिसऱ्या भागात तो अख्खं शहर जाळते, अन् घरी येऊन दोन ताटं वाढते. बायको मरून दहा वर्सं झालेली. मी रडली.

मॅडम म्हणे, "अहो मावशी, शहर जाळलं ना त्यानं!"

मी म्हटलं, "जाळलं असन बाई. पण हिरोजवळ सारी गँग हाये, याच्यासंग जेवाले कोण हाये?"

मॅडमनं सिनेमा थांबवला. दुसऱ्या दिवसापासून आपलं ताट घेऊन माह्या चुलीजवळ बसू लागल्या.

आता बदली झाली, त्या सुलतानपूरले चालल्या. नवरा तिथं, लहानी पोरगी इरा तिथं. आतापर्यंत शनिवारी बसनं जात, सोमवारी येत. रविवारी मी भांडे जरा आपटूनच घासतो, घरात कोणी हाये असं वाटते.

शाळेनं मले बोलू देलं, लय उपकार. जीभ घसरली असन त म्हातारी म्हणून पोटात घाला.

एक गोष्ट मात्र पोटात घालू नका. मॅडम, मांगच्या साली बदलीचा फॉर्म भराची शेवटची तारीख हुकली. सर म्हणत कळवलं, तुम्ही म्हणत कळवलंच नाही. वर्सभर तुम्ही दोघं धड बोलले नाहीत, अन् इरानं आणखी एक वर्स मायवाचून काढलं. सरायनं तुमच्या मोबाईलवर फोन केला होता. तुम्ही तापानं झोपल्या होत्या, मी उचलला. "मॅडम, आज संध्याकाळपर्यंत फॉर्म भरा," सर म्हणे. मी हो म्हटलं, त्यायले वाटलं तुम्हीच.

मी इसरली नाही, मॅडम. मी सांगतलंच नाही.