तळ उघडा हाये तवर

न्हाई, न्हाई, जावईबापू, नावेत पाय ठेवू नका — तळ न्हाई तिला आत्ता. वाकून पाहा, आरपार वाळू दिसते. त्या दगडावर बसा, सावली हाये. जेवून आले ना घरून? संगिताच्या मायनं वाढलं? — वाढलं, बरं झालं. अन् संगितानं कपडे बांधले का न्हाई ते मला काहून इचारता, सुदामबापू, मी सकाळपासून इथंच हाये. हात भरलेत, न्हाईतर उठून रामराम घातला असता.

नावेचं म्हणता? — दवाळीच्या आधीपासूनच लाकूड गेलं व्हतं तिचं. आतून कुजलं व्हतं. धरण भरलं की आमचा तांडा बेट होते, होळीपतुर वाट पाण्याखाली, मंग साऱ्यांचं जाणंयेणं या थावराच्या नावेवर — दळण, म्हातारे, बाळंतिणी, औंढ्याचा बाजार — तळानं तरी किती सोसावं? म्हणून म्हणलो, आता फायबर मारू. कोणी शिकवलं म्हणता? कोणी न्हाई. वारंगा फाट्यावर आमच्यातलाच एक देविदास म्हणून गडी हाये, ट्रॅव्हल्सच्या गाड्यांचे फुटके बंपर जोडते, त्याच्या दुकानासमोर बसून पाहिलं, बस. पहिल्या खेपेला ओल्या फळीवरच मारलं — वरून काच, आतून भुसा. आता दम धरतो. लाकूड वाळल्याबिगर हात लावत न्हाई.

हे पाहा, ह्या टोकाला नवी फळी बसवली, उन्हाळ्यात लागंल म्हणून ठेवलेली व्हती. घासली, पुसली. हे पांढरं हाये ते कापूस न्हाई, काचेचे धागे हायेत — हात नका लावू, रात्रभर खाजवत बसाल. डब्यात रेझिन, डिंकावाणी, त्यात ते आळाया झाकणभर हार्डनर. एकदा कालवलं की थांबता येत न्हाई, डब्यातच दगड होते, म्हणून तुमच्याशी बोलता बोलता हात चालवून राहिलो, राग मानू नका. ब्रशानं असं दाबत जायचं. पांढरं जाऊन खालचं लाकूड दिसाया लागलं की समजायचं, बसलं. पांढरा ठिपका राहिला तर तिथं हवा हाये, तिथूनच पाणी शिरणार.

कधीपतुर होईल? — कसं सांगू? एक थर वाळला की दुसरा. मंग ह्या आडव्या पट्ट्या, जोर येयासाठी, त्यांच्यावर परत थर. मंग उलटी करून खालून. सारं उन्हावर हाये. — जळबाचा थर्मोकोलचा तराफा? तुमाला त्याच्यावरच आणलं ना त्यानं, पाहिलं मी. मासे धरायचं साधन ते, त्याच्यावर तो अन् एक माणूस, तेबी मांडी घालून. तिसरं बसलं की सारेच पाण्यात. — दोन खेपा? आधी तिला नेऊ द्यायचं, मंग तुमाला? परक्या गड्याच्या मागं बायको बसवताल तुमी? तुमी न्हाई बसवणार. औंढ्यात बांगडीवाल्यासमोर नुस्ती हसली, तर तेवढ्यावरून — असू द्या. ती पट्टी सरकवा जरा इकडं.

संगिता! — पाहा, घागर भरली अन् गेली. मी डावीकडून हाक मारली, माझंच चुकलं. डाव्या कानानं न्हाई येत तिला. दवाळीला आली तवा कळलं. मायनं चुलीपासून हाक मारली, पोरगी तशीच उभी. आमाला वाटलं, रुसली. मंग नांदेडला नेली. डॉक्टरनं बत्ती घालून पाहिलं, पडदा फाटलाय म्हणला, कशानं फाटला म्हणला. आमी म्हणलो, पडली. आता सारा तांडा तिला उजवीकडून हाक मारते, लेकरंसुद्धा वळसा घालून जातात तिच्याकडं. सवय झाली. तिची माय रडत न्हाई, मी रडत न्हाई, सवय झाली.

ते काय उचलून पाहून राहिलात? टाकलेली फळी हाये. टाका. — वाजवू नका तिला. — व्हय, टणक हाये. — व्हय, कोरडीबी हाये. कुजली न्हाई. काल ह्याच तळावर गव्हाची पोती आणली मी पल्याडून. सकाळी जळबाच्या पाठीमागं तुमचा पांढरा रुमाल दिसला पाण्यावर, तवा घरी गेलो अन् करवत आणली. चांगली फळी कापाया लई येळ लागते. खिळे सुटत न्हाईत. तुमी घरी भाकरी खात व्हते तवर मधलं सारं काढलं, अन् मंग बसून राहिलो थोडा येळ. मंग ही नवी बसवाया घेतली. रिकामं कसं बसायचं?

काहून म्हणता? — आमच्यात जावई लेक न्याया आला तर सासऱ्यानं न्हाई म्हणायचं नसते, तुमाला काय सांगायचं, तुमी आमच्यातलेच. माझ्या सासऱ्यानं मला कधी न्हाई म्हणलं न्हाई. कुंकू लावायचं, नारळ द्यायचा, नाव लोटायची. मागच्या खेपेला पंच बसले, तवाबी तेच झालं, मीच वल्हं मारलं. म्हणून म्हणलो, आपण न्हाई बोलायचं. नाव मोडकी हाये म्हणलं की कोणाचाच मान जात न्हाई — तुमचा न्हाई, माझा न्हाई. तुमी चहा घेऊन माघारी जाल, मी फायबर मारीत बसंल.

होळीला? — व्हय. होळीला पाणी उतरंल, वाट उघडी पडंल. पायी येताल, खरं हाये. तवा नाव इचारणार कोण.

ते ध्यानात आलं नव्हतं माझ्या.

मंग आत्ताच ऐका, जावईबापू. न्हाई. न्हाई धाडत मी लेक. होळीला न्हाई, पाडव्याला न्हाई. — पाहा, निघालं तोंडातून. एवढंसंच हाये. बसवा पंच, आणा तुमची भावकी, सांगा तांड्याच्या नायकाला की थावरानं जावयाला तोंडावर न्हाई म्हणलं. मी म्हणंल, व्हय, म्हणलं न्हाई. — ओरडू नका. डबा गरम होऊन राहिला, सारं आळून जाईल. सरका तिकडं. उजेड अडवून राहिलात.