न नाकारलेलं वाण

सज्जनहो, माता-भगिनींनो, आज एकच प्रश्न घेऊन उभी आहे. ज्याच्या पोटात निव्वळ माया आहे, त्याच्याच हातून घात झाला – तर त्याला पाप म्हणायचं की चूक? घाई करू नका! आधी ऐका.

साल दोन हजार बावीस. संक्रांतीचं हळदीकुंकू. गाव विटा. इंदूबाई खाडे नावाची विधवा – पण हळदीकुंकू तिनं सोडलं नव्हतं. तिची एकुलती एक लेक रेवती – नवऱ्याच्या माराला कंटाळून दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेलेली! कुठे? ते फक्त आईला ठाऊक. नवरा दिगंबर म्हणायचा, "सापडली की जिवंत ठेवत नाही." आणि तो बोलल्याप्रमाणे करणारा होता, मंडळी!

इंदूबाईंनी तोंडाला कुलूप लावलं. सख्ख्या भावानं विचारलं तरी म्हणायच्या, "मला कुठं सांगून गेली ती!"

त्या दिवशी दारात कोण? दिगंबरची बहीण मीनल! डोळ्यांत पाणी. "आई, दादाचं वागणं मला पटत नाही हो. मला परकी समजू नका." इंदूबाई विरघळल्या. कुंकू लावलं, तिळगूळ दिला. पत्ता मात्र दिला नाही! शहाणी बाई.

मग मीनल म्हणाली, "आई, माझं वाण घ्या ना."

आमच्या वेळी वाण म्हणजे काय – कंगवा, चाळणी, नाहीतर साबणाची वडी. माझ्या आईनं एका वर्षी सुया लुटल्या होत्या. साऱ्या आळीनं वर्षभर गोधड्या शिवल्या! (हसा, हसा. पुढे हसायला जागा नाही.) मीनलचं वाण काय होतं? ओव्यांचं ॲप! "रोज सकाळी जात्यावरची ओवी ऐकवतं. द्या फोन, मी घालून देते."

आता बायांनो, तुम्हीच सांगा – दारी आलेल्या सवाष्णीचं वाण कुणी परत करतं का? इंदूबाईंनी फोन दिला.

फोननं लाल पाटी दाखवली – हे ॲप धोक्याचं आहे!

"अगं, हे काय म्हणतंय?"

"ते सगळ्यांनाच येतं हो, आई." मीनलचं बोट चाललंय – माइक? होय! ठावठिकाणा? होय! संदेश? होय!

जिभेवर पहारा ठेवणाऱ्या बाईनं फोन मात्र हातात दिला, मंडळी. दुसऱ्या दिवसापासून ओवी वाजू लागली. इंदूबाई ऐकायच्या ओवी... आणि दिगंबर ऐकायचा इंदूबाईंना!

मार्चमध्ये रेवतीचा फोन आला. आवाज खोल गेलेला. "आई, टायफॉईड झालाय गं. उठवत नाही."

"मी येते. तू पत्ता बोलू नकोस, मला पाठ आहे!"

बघा किती जपलं तिनं! एसटीनं जालन्याला गेली. बटव्यात फोन. आणि तो फोन पावलापावलाला दिगंबरला सांगतोय – आता बार्शी, आता बीड, आता जालना, ही गल्ली, हे घर...

दुसऱ्या दिवशी दुपारी इंदूबाई लेकीला मऊ भात भरवत होत्या. कडी वाजली.

"घरमालकीण असतील," रेवती म्हणाली.

"पडून राहा तू. मी बघते."

आईनं – आईनंच हो – दार उघडलं!

दिगंबरच्या हातात कोयता होता. रेवतीनं डोक्यावर उजवा हात धरला, म्हणून डोकं वाचलं. तीन बोटं गेली. शेजारी धावले, म्हणून जीव राहिला.

नंतर हवालदार शेखबाईंनी इंदूबाईंचा फोन तपासला. म्हणाल्या, "मावशी, ओव्या ऐकवणाऱ्या ॲपला तुमचं ऐकायचं काय कारण होतं?"

आहे तुमच्याकडे याचं उत्तर? काढा फोन! आत्ता, देवासमोर! भजनाच्या, पंचांगाच्या, रेसिपीच्या ॲपला माइक कशाला दिलाय? ठावठिकाणा कशाला? बंद करा! कुणी पाठवलेल्या दुव्यावरून ॲप घालू नका. लाल पाटी आली की थांबा. आणि पाळत ठेवणारं माणूस जिवावर उठलेलं असेल, तर त्या फोनवरून मदत मागू नका – दुसऱ्याच्या फोनवरून मागा. आपल्या फोनमध्ये आपल्या माणसाचा जीव असतो. वाण नाकारलं तर सवाष्ण चार दिवस रुसेल. रुसू दे!

दिगंबर तुरुंगात आहे. मीनल जामिनावर सुटली, म्हणते, "दादानं सांगितलं, मी घातलं. मला काय ठाऊक?" शेखबाईंची बदली झाली, जातील तिथे बायकांचे फोन तपासून देतात. इंदूबाई हळदीकुंकवाला कुणाला बोलवत नाहीत, कुणाकडे जात नाहीत. पाप की चूक, हा प्रश्न त्या देवाला रोज विचारतात.

आणि रेवती? बरी झाली, डाव्या हातानं लिहायला शिकली, जालना सोडून गेली. वर्षातून दोनदा फोन येतो. दर वेळी नंबर नवा. "आई, मी बरी आहे."

कुठे आहे, ते ती सांगत नाही. इंदूबाई विचारत नाहीत.